टपालवाडीच्या ओढ्याकाठी

नेरळ स्थानकावर उतरताच माथेरानचा डोंगर दृष्टीस पडतो. १९०७ साली सुरू झालेली दोन फुटी रुळांची छोटी गाडी भर पावसाळ्यात नेरळहून वर जात नाही. परंतु नेमक्या याच दिवसांत डोंगराचे काळे कडे जलधारांनी शुभ्र होतात. दुकानाच्या सुट्टीचा दिवस साधून आम्ही सहकुटुंब टपालवाडीच्या धबधब्याकडे निघालो. (पावसाळ्यात धबधब्यांवर अनेकदा बंदीचे आदेश निघतात, चौकशी करूनच निघावे.) वाटेतल्या शेवाळलेल्या दगडांवर चप्पल टिकत नाही.

मुले ओढ्यात खेळत होती, माथ्यावर स्वच्छ ऊन होते. एवढ्यात गुरे राखणारे एक काका ओरडले, "पोरांना बाहेर काढा, वर पाऊस लागलाय!" खरे सांगायचे तर आम्हांला ती अतिशयोक्ती वाटली. तरी मुलांना काठावर ओढले. पाणी आधी गढूळ झाले, मग पालापाचोळा वाहत आला आणि पाहता पाहता आमचा बसायचा दगड दिसेनासा झाला. डोंगरमाथ्यावरचा पाऊस उभ्या उतारावरून थेट ओढ्यात उतरतो, हे तेव्हा उमगले.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे म्हणून डबे नेरळ स्थानकातच उघडले. थेपले फारसे कोणी खाल्ले नाहीत.