पितळी सर्पही फोडावा लागतो

मूर्तिपूजेचा विषय निघाला की आमच्या शब्बाथशाळेतली मुलं पटकन शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवतात. मी त्यांना तिथेच अडवते. दहा आज्ञा देवाने मिसरातून सोडवून आणलेल्या आपल्याच लोकांना दिल्या. मोशे पर्वतावर असताना खाली अहरोनाने सोन्याचं वासरू घडवलं, तेही त्याच लोकांच्या बायकामुलांच्या कानांतली कुंडलं वितळवून.

शेजाराचं म्हणाल, तर अहिल्यानगरला आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकू गणपतीत मोदक करतात आणि नैवेद्य दाखवण्याआधीच आमचा डबा वेगळा भरून ठेवतात. नैवेद्य दाखवलेलं आम्ही का खात नाही, हे आईने फार पूर्वी त्यांना समजावून सांगितलं होतं. काकूंना त्यात अपमान वाटला नाही. करिंथच्या मंडळीपुढे हाच पेच होता, कारण तिथल्या बाजारातलं मांस पुष्कळदा देवळातल्या बळीचं असे. पौलाने सांगितलं, विकत मिळेल ते चौकशी न करता खा. पण हे अर्पण केलेलं आहे असं कोणी म्हणालं, तर सांगणाऱ्याच्या विवेकाचा मान राखून खाऊ नका. निष्ठा आणि शेजारधर्म दोन्ही सांभाळणारं इतकं शहाणं उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

कॅथलिक चर्चमधल्या पुतळ्यांवरूनही वाद होतात. प्रतिमांना मान द्यावा, आराधना मात्र एका देवाचीच करावी, असा भेद नायसियाच्या परिषदेने ७८७ मध्ये केला. आम्ही प्रोटेस्टंट प्रतिमाच ठेवत नाही आणि तेवढ्यावर निर्धास्त होतो. तिथेच आमची फसगत होते.

दुसरे राजे या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात हिज्कीया राजाची हकिगत आहे. रानात सापांनी दंश केलेल्या लोकांसाठी देवाच्याच आज्ञेवरून मोशेने पितळी सर्प घडवून खांबावर टांगला होता. त्याच्याकडे पाहिलं की माणूस वाचे. पुढे कित्येक शतकं लोकांनी तो जपला आणि त्याच्यापुढे धूप जाळू लागले. हिज्कीयाने त्याचे तुकडे केले. मोशेच्या हातची वस्तू, पूर्वजांचे प्राण वाचवणारी! त्या दिवशी यरुशलेमेत किती जणांना राजा धर्मबुडवा वाटला असेल! देवाने दिलेली चांगली वस्तूच देवाच्या जागी जाऊन बसते, आणि तिच्यावर हात उचलणं सर्वांत कठीण जातं.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरदार दुरावलं, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला अधिक मोलाचं वाटतं ते १९१७ साल. ज्या मिशनने त्यांना आसरा आणि काम दिलं, त्याची नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांनी ते वारले. मिशनचे उपकार मानूनही त्यांनी मिशनला ख्रिस्ताची जागा दिली नाही.

लोभ म्हणजे मूर्तिपूजाच, असं पौलाने कलस्सैच्या मंडळीला स्पष्ट लिहिलं आहे. आमच्याकडे हंगामाच्या सणाला व्यासपीठासमोर बाजरीची कणसं, भोपळे, ऊस, नारळ, घरी भाजलेले केक मांडतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. सण सुंदर आहे. पहिलं फळ देवाचं, ही भावना त्यामागे आहे. पण एका वर्षी एका नारळावरून दोन घरांत चुरस लागली. पंचांच्या निवडणुकीतला राग त्या नारळावर निघाला आणि बोली पाच हजारांच्या वर गेली. माइकवरून नाव पुकारलं गेलं, टाळ्या पडल्या. त्यानंतर एका शेतमजूर बाईने आणलेली मेथीची जुडी दहा रुपयांत गेली. ती कोणी आणली, हे कोणी विचारलंही नाही.

म्हणून सगळ्या मंडळ्यांच्या पंचांना माझी कळकळीची विनंती आहे: लिलाव जरूर करा, पण येत्या हंगामाच्या सणाला बोली लावणाऱ्यांची नावं माइकवरून पुकारू नका.