कात्री चालवा, पण आत्याला कापू नका

बाबांच्या पंचाहत्तरीची फिल्म मी तीन रात्री जागून केली. कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेलं सॉफ्टवेअर, अल्बममधले फोटो, दोन कॅसेटींवरून उतरवलेलं शूटिंग आणि शेवटी नातवंडांचं कोरसमध्ये 'हॅपी बर्थडे आजोबा'. सीडी घेऊन हॉलवर पोचले. दिवे मालवले, मसालेभात दहा मिनिटं थांबवून ठेवला. भावाच्या लॅपटॉपवर फाइल उघडली आणि पडद्यावर ओळीनं लाल फुल्या. फिल्म नव्हतीच. मी सीडीवर नेली होती ती प्रोजेक्ट फाइल. प्रोजेक्ट फाइल म्हणजे वाण्याची यादी: अमुक क्लिप तिसऱ्या सेकंदापासून नवव्यापर्यंत, मग तो फोटो, खाली हे गाणं. यादीत साखर लिहिलेली असते, साखर नसते. सगळा शिधा घरच्या कॉम्प्युटरवर राहिला होता. अंधारातून काकांचा आवाज आला, "मग पानं घ्यायची का?"

'एक्सपोर्ट' हा शब्द मी त्या दिवशी कायमचा शिकले. आणि घरच्या फिल्मा, त्यांची कापाकापी, त्यांची सॉफ्टवेअरं यांच्याबद्दल काही मजेशीर दिसलं की जमवायची खोडही तेव्हाच लागली. त्या पोतडीतलं हे थोडं.

पहिल्या खेळात बाळाचं जेवण

२८ डिसेंबर १८९५. पॅरिसच्या ग्रँड कॅफेत ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून पहिला खेळ केला. दहा छोट्या फिल्मांमधली एक होती निव्वळ घरगुती: बागेत टेबल मांडलंय, ऑग्युस्त आणि त्याची बायको तान्ह्या आंद्रेला भरवतायत, आणि समोर कॅमेरा घेऊन काका, म्हणजे लुई. मिनिटही पुरतं होत नाही. लोकांना म्हणे बाळापेक्षा मागच्या झाडांची हलणारी पानं बघून जास्त नवल वाटलं. थोडक्यात, मोबाइलवर पुतण्याचं उष्टावण शूट करणारा काका हा सिनेमाच्या पहिल्या खेळापासून आहे.

आणि परदेशातून शिकून आलेल्याला उतरवून घ्यायला धावणारा? तोही जुनाच. मुंबईत ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांचा खेळ झाला. तो बघून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, इतके भारावले की त्यांनी लंडनहून २१ गिनींना कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. पुढे १९०१ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन रघुनाथराव परांजपे परतले, त्यांच्या स्वागताचीही फिल्म केली. आज विमानतळाच्या दारात मोबाइल उंच धरून "इकडं बघ, इकडं बघ" करणाऱ्या समस्त मामांचे ते मूळपुरुष.

दादासाहेब फाळक्यांनी तर 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, घरच्या कुंडीतल्या मटारावर कॅमेरा लावला. रोज थोड्या थोड्या फ्रेम. कोंब फुटला, वेल चढला, आणि कित्येक दिवसांचं काम पडद्यावर क्षणांत. आज फोनमध्ये 'टाइमलॅप्स' नावाचं बटण आहे ना, तेच. सरस्वतीबाई फाळके अख्ख्या युनिटचं रांधायच्या आणि शिवाय फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, तुकडे जोडणं हेही करायच्या. आपल्याकडच्या एडिटिंगचं पहिलं टेबल स्वयंपाकघराच्या शेजारी होतं, हे मला फार आवडतं.

तीन मिनिटं वीस सेकंद

कोडॅकनं १९६५ मध्ये सुपर-८ आणलं. प्लॅस्टिकच्या डबीत ५० फूट फिल्म, कॅमेऱ्यात खटकन बसवायची. सेकंदाला १८ फ्रेम या वेगानं ती ३ मिनिटं २० सेकंदांत संपायची. धुलाईचे पैसे वेगळे. त्यामुळं माणूस बटण दाबण्याआधी विचार करायचा आणि निम्मं एडिटिंग कॅमेऱ्यातच उरकायचं. राहिलेलं टेबलावर: फिल्म खरोखर कापायची, टोकं खरवडायची, सिमेंट लावून चिकटवायची. चुकलात तर कापलेली फ्रेम परत येत नसे. आपण कंट्रोल-झेड दाबतो तेव्हा त्या पिढीची हाय लागत असणार.

कॅसेट आली आणि हात सैल सुटला. मग फोन आला आणि हाताचं भानच गेलं. वॉल्टर मर्च या नामांकित एडिटरच्या 'अपोकॅलिप्स नाऊ'साठी २३० तासांहून जास्त फूटेज होतं आणि त्यातून सिनेमा निघाला अडीच तासांचा. जगभरात त्याचं अजून कौतुक होतं. आपल्या गोव्याच्या चार दिवसांच्या ट्रिपचं फूटेज आठ जणांच्या फोनमधून गोळा केलंत की प्रमाण फारसं वेगळं येत नाही. फरक इतकाच की आपल्याला सहा मिनिटांपर्यंत यायला जमत नाही. सॉफ्टवेअर येत नाही म्हणून नव्हे. भीड आडवी येते म्हणून.

माझ्या फिल्मचंच बघा. पुढच्या रविवारी ती घरी टीव्हीवर लागली, सगळ्यांना आवडली. आत्या मात्र गप्प. चहा झाल्यावर म्हणाली, "छानच केलीस गं. मी कुठं होते त्या दिवशी?" ती होती. ओवाळण्याच्या प्रसंगात तबक धरलेला एक हात दिसतो, तो तिचाच. तिच्या चेहऱ्याची अकरा सेकंदं मी कापली होती, कारण कॅमेरा हलला होता. त्या रात्री ती परत जोडली. हललेली आहेत, फोकस नाही, आणि आमच्या घरात आता तीच आवृत्ती लागते.

अमेरिकेची कॅसेट आणि क्षयतिथी

न्यू जर्सीच्या चुलत भावानं पाठवलेली बारशाची कॅसेट इथल्या व्हीसीआरमध्ये काळी-पांढरी, लोळण घेत चालायची, हे ज्यांना आठवतं त्यांच्यासाठी खुलासा: तिथली पद्धत एनटीएससी, आपली पाल. आपण सेकंदाला २५ फ्रेम, ते २९.९७. हा अर्धवट आकडा कुठून आला? १९५३ मध्ये रंगीत प्रसारणाचे नियम ठरले, तेव्हा लोकांकडचे जुने काळे-पांढरे टीव्ही मोडीत निघू नयेत म्हणून रंगाचा संकेत त्याच लाटेत कोंबला. रंग आणि आवाज एकमेकांच्या पायात येऊ नयेत म्हणून ३० चा वेग हजारात एकानं कमी केला.

मग घड्याळ आणि फ्रेम यांचा हिशेब जुळेना. तासाला ३.६ सेकंदांची तफावत. यावर तोडगा काढला तो आपल्या पंचांगकर्त्यांना लगेच पटावा असा: दर मिनिटाला फ्रेमचे दोन क्रमांक गाळायचे, पण दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. तासाला बरोबर १०८ क्रमांक कमी. चित्र एकही जात नाही, फक्त आकडा जातो. पंचमीनंतर एकदम सप्तमी लिहिली म्हणून दिवस कुठं कमी होतो? सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 'ड्रॉप फ्रेम' दिसलं की क्षयतिथी समजा आणि पुढं चला.

याचंच धाकटं भावंड फोनमध्ये आहे. उजेड कमी झाला की बरेच फोन फ्रेमचा वेग गुपचूप बदलतात. एडिटिंगचं सॉफ्टवेअर एकसारखा वेग धरून चालतं आणि मग भटजींचे ओठ पुढं, मंगलाष्टकं मागं. हँडब्रेक नावाच्या फुकट प्रोग्रॅममधून क्लिप 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' करून घेतली की बहुतेक वेळा दोघांचं जुळतं.

दहा जीबीत तेरा जीबी

ऑक्टोबर १९९९ मध्ये ॲपलनं आयमॅक डीव्हीबरोबर आयमूव्ही दिलं आणि घरच्या घरी सिनेमा करा म्हणून सांगितलं. डीव्ही कॅसेटवरच्या एका तासाला लागायची साधारण १३ जीबी जागा. आणि त्या आयमॅक डीव्हीच्या साध्या मॉडेलची हार्ड डिस्क? १० जीबी. पाहुणे बोलावले जेवायला, पातेलं चहाचं. सप्टेंबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज एमईबरोबर मूव्ही मेकर दिला आणि विंडोजवाल्या घरांतही कात्री पोचली.

या फुकट कात्रीनं काय होऊ शकतं, ते जोनाथन काओएट या अमेरिकन तरुणानं दाखवलं. लहानपणापासूनचं घरगुती शूटिंग, फोटो, आन्सरिंग मशीनवरचे निरोप, आईच्या मानसिक आजाराची वर्षं, हे सगळं त्यानं आयमूव्हीवर जोडलं. 'टार्नेशन' ही फिल्म २००४ मध्ये सनडान्स आणि कान महोत्सवांत दाखवली गेली. जाहीर केलेला खर्च: २१८ डॉलर ३२ सेंट. गाण्यांचे हक्क घ्यायची वेळ आली तेव्हा हिशेब लाखांत गेला, ती गोष्ट वेगळी. फिल्म फुकटात होते, गाणं होत नाही. यूट्यूबवर बारशाचा व्हिडिओ चढवून मागं हिंदी सिनेमातलं गाणं घातलेल्यांना हे नव्यानं सांगायला नको.

स्थिर फोटोवर हळूहळू जवळ जाणारा तो परिणाम सॉफ्टवेअरमध्ये 'केन बर्न्स' या नावानं असतो. हे माहितीपटकार अजून हयात आहेत. स्टीव्ह जॉब्जनं त्यांचं नाव वापरायची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी आधी नाही म्हटलं. जाहिराती ते करत नाहीत. शेवटी बदल्यात ॲपलची यंत्रं घेतली आणि संस्थांना वाटून टाकली. गंमत म्हणजे ही युक्ती बर्न्स स्वतःची म्हणत नाहीत. 'सिटी ऑफ गोल्ड' या १९५७ च्या कॅनेडियन लघुपटाचं नाव घेतात.

बदामातली वधू

आता आपल्या लाडक्या 'मिक्सिंग'कडं. शूटिंगवाला लग्नानंतर दोन महिन्यांनी कॅसेट आणून द्यायचा, त्यात बदामाच्या आकारात वधू, चक्राकार फिरत येणारा वर, आणि पान उलटावं तसं उलटून केळवणातून थेट सप्तपदी. त्या काळी हे मिक्सर नावाच्या यंत्रावर व्हायचं आणि यंत्रात जेवढी बटणं, तेवढी एकाच लग्नात वापरलेली दिसत. हसू येतं, पण मला त्याचा राग येत नाही. पैसे दिलेत तर काहीतरी झालेलं दिसलं पाहिजे, हा रोकडा न्याय होता त्यात. घरी स्वतः करत असाल तर मात्र सरळ कट. शंभरातल्या नव्व्याण्णव ठिकाणी सरळ कटच.

त्याहून मोठी जादू आवाजात आहे आणि ती फुकट आहे. नवरीच्या मेंदीच्या हाताचं चित्र चालू असतानाच 'सावधान'चा गजर ऐकू येऊ द्या, मांडव दोन सेकंदांनी दाखवा. याला जे-कट म्हणतात, कारण टाइमलाइनवर खालची आवाजाची पट्टी डावीकडं पुढं आलेली असते आणि आकार इंग्रजी 'जे'सारखा दिसतो. उलट केलं, चित्र बदललं तरी आधीचा आवाज रेंगाळला, की एल-कट. मला हे कळायला आठ वर्षं लागली, तुम्हाला आठ सेकंदांत दिलं.

आणि एक खोडी. १९२० च्या सुमारास रशियाच्या लेव्ह कुलेशॉवनं नटाचा एकच कोरा चेहरा घेतला. एकदा सूपच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीतल्या मुलाशेजारी, एकदा एका स्त्रीशेजारी जोडला. लोकांना तोच चेहरा भुकेला, दुःखी, आसक्त दिसला. घरी करून बघा. आजीचा टीव्ही बघतानाचा चार सेकंदांचा चेहरा घ्या. आधी पुरणपोळी दाखवा, मग सूनबाई नवीन फ्रिज घेऊन येताना. दुसरी आवृत्ती फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

सव्वीस सेकंदांचे किती?

२२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये कपड्यांचा एक व्यापारी, अब्राहम झप्रुडर, राष्ट्राध्यक्षांची मिरवणूक टिपायला आठ एमएमचा घरगुती कॅमेरा घेऊन उभा राहिला. केनेडींच्या हत्येची ती फिल्म ४८६ फ्रेमची, २६.६ सेकंदांची. १९९९ मध्ये अमेरिकी सरकारनं तिचे झप्रुडर कुटुंबाला १ कोटी ६० लाख डॉलर द्यावेत असा लवादाचा निर्णय झाला. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना युटातल्या टोपाझ छावणीत डांबलं होतं. तिथं डेव्ह तात्सुनोनं चोरून आणलेल्या कॅमेऱ्यानं बर्फ, मुलं, रोजचं जगणं टिपलं. तीही घरगुतीच फिल्म, आणि तीही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट यादीत आहे.

आपल्या माळ्यावरच्या कॅसेटींना कुणी कोटी देणार नाही. पण तिथं पाऊस पोचतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत व्हीएचएसच्या फितीवर पांढरी बुरशी धरते, आणि ती तशीच चालवली तर यंत्राचं हेडही जातं. फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, तिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे चालू स्थितीतला व्हीसीआर आता फक्त जुनाच मिळणार, आणि दरवर्षी थोडे कमी. तेव्हा या दिवाळीची साफसफाई माळ्यापासून सुरू करा. कॅसेट खाली काढा, बुरशी दिसली तर आधी साफ करणाऱ्याकडं द्या, मग कॉम्प्युटरवर उतरवून दोन ठिकाणी ठेवा. आणि हॉलवर नेताना फाइलच्या नावाच्या शेवटी 'एमपी-फोर' आहे ना, एवढं घरूनच बघून निघा.