बाळंतपणाआधीची पायांची सूज

आठवा-नववा महिना लागला की संध्याकाळी चपला घट्ट होतात, घोट्यावर बोट दाबले की खळगा पडतो. अष्टमीच्या भगिनी मला हमखास विचारतात, "डॉक्टर, पाणी कमी पिऊ का?" मुळीच नाही. वाढलेल्या गर्भाशयाचा दाब पायांकडून येणाऱ्या शिरांवर पडतो, म्हणून ही सूज येते. पाणी तोडून ती उतरत नाही. डाव्या कुशीवर झोपावे, दुपारी थोडा वेळ पाय उशीवर ठेवावेत, फार वेळ उभे राहू नये. लघवीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

मात्र चेहरा किंवा हात सुजले, बांगड्या रुतू लागल्या, डोके ठणकले, अंधारी आली किंवा बरगड्यांखाली दुखू लागले, तर त्याच दिवशी रक्तदाब व लघवी तपासून घ्यावी. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असेल तर तो धोक्याचा इशारा समजावा. उपचाराला उशीर झाल्यास झटके येऊन आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. एकच पाय सुजून दुखत असेल, तरीही थांबू नये.

"आज रात्र काढू, उद्या पूल ओलांडून रोह्याला जाऊ," असे घरच्यांनी म्हणू नये. १०८ क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.