मामा, चित्र कधीचं आहे?

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवरची सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे एक छोटं डिजिटल घड्याळ. दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने बसवलेलं. टेक्सासमध्ये मे महिन्यात दुपारचे चार वाजलेले असतात तेव्हा ते रात्रीचे नऊ दाखवतं. ती जागतिक प्रमाणवेळ. अमेरिकेच्या हवामान रडारच्या मूळ चित्रांवर हीच वेळ छापलेली असते. टोर्नेडोच्या मागे जाणाऱ्याला समोरचं चित्र किती मिनिटं शिळं आहे हे एका नजरेत कळलं पाहिजे, म्हणून हे घड्याळ.

मी डॅलसजवळ राहतो, पेशाने इलेक्ट्रॉनिक्सवाला. दर मे महिन्यात भाचा आणि मी आठ-दहा दिवस ओक्लाहोमा, कॅन्सस, कधी नेब्रास्कापर्यंत वादळांच्या मागे फिरतो. गाडी तो चालवतो, पडदे आणि रेडिओ माझ्याकडे. नवीन लोक ‘गाडीत काय काय बसवलंय?’ असं विचारतात. मला त्यांना सांगायचं असतं ते हे, की प्रत्येक वस्तू अशी बसवा की चालकाची नजर समोरच्या काचेतून हलू नये.

टोर्नेडो म्हणजे आपल्या किनाऱ्यावर येणारं चक्रीवादळ नव्हे. ते शेकडो किलोमीटर पसरतं आणि त्याचा माग दिवसचे दिवस काढता येतो. टोर्नेडो एकाच गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरतो आणि बहुधा काही मिनिटांत विरतो. वळवाच्या दुपारी आपल्याकडे ढगांचे मनोरे चढतात तसेच इथेही चढतात. फरक असा की इथे उंचावरचे वारे वेगळ्या दिशेचे आणि फार जोराचे असतात, म्हणून अख्खा ढगच फिरायला लागतो. तो सुपरसेल.

हा पाठलाग सुरू झाला तेव्हा गाडीत काहीच नसायचं. डेव्हिड होडली १९५६ साली नॉर्थ डकोटात एकटाच वादळांमागे जाऊ लागला. पुढे १९७७ मध्ये त्याने ‘स्टॉर्म ट्रॅक’ हे पत्रक काढलं. नील वॉर्ड या शास्त्रज्ञाने १९६१ साली ओक्लाहोमात पोलिसांच्या गाडीत बसून, त्यांच्याच रेडिओवरून माहिती घेत वादळ गाठलं. वादळाच्या मागे फिरणारं पहिलं इलेक्ट्रॉनिक्स म्हणायचं तर ते हेच. नंतरची कित्येक वर्षं लोक सकाळी नकाशे पाहून निघत, वाटेत सार्वजनिक फोनवरून घरी बसलेल्या मित्राला विचारत. बाकी आकाश आणि कागदी रस्ते-नकाशा. तो कागदी नकाशा आमच्या गाडीत आजही आहे, कारण नेटवर्क नसलेला भाग इथे मैलोन्‌मैल लागतो.

आता वीज. बहुतेकांची चूक इथेच होते. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते २० अँपिअरचा. १२ व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे १२० वॅट. लॅपटॉप एकटाच ६० ते ९० वॅट खातो. त्यात दोन फोन आणि कॅमेरा जोडला की फ्यूज जातो, आणि तो जातो नेमका वादळ जवळ आल्यावर, कारण सगळं एकदम चालू तेव्हाच असतं. इन्व्हर्टर लावणं हा लोकांचा आवडता उपाय. पण त्यात १२ व्होल्टचे १२० होतात आणि लॅपटॉपचा अडॅप्टर त्याचे परत १९-२० करतो. दोनदा बदल, दोनदा गळती, शिवाय गरम होणारा एक डबा पायाशी. थेट १२ व्होल्टवर चालणारा चार्जर घ्यावा, काम सरळ होतं.

हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा दुतर्फी संच, मात्र सॉकेटवर चालवूच नये. ५० वॅटवर बोलताना तो १० अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याची जाड वायर थेट बॅटरीपासून आणावी आणि फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात बसवावा. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायर आत येते, तिथे भोकाला रबरी बुश हवाच. आमच्या पहिल्या वर्षी मी तो विसरलो होतो. ऑगस्टमध्ये बॉनेट उघडलं तर पत्र्याच्या कडेने वायरचं आवरण कापत आणलेलं, आत तांबं चमकत होतं. तो घासलेला भाग फ्यूजच्या पुढे होता म्हणून पुढचं टळलं असतं. फ्यूज डॅशबोर्डखाली असता, तर तांबं पत्र्याला टेकताच वायर पेटली असती. तो तुकडा मी अजून जपून ठेवलाय आणि नवीन माणसाला दाखवतो.

रेडिओची अँटेना छताच्या मधोमध, चुंबकाच्या बैठकीवर, साधारण अर्धा मीटर उंच. छताचा पत्राही तिचं अर्धं काम करतो, म्हणून कडेला लावू नये. सरकारी हवामान रेडिओ १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात सात वारंवारतांवर ऐकू येतो. इशारे तिथे आपोआप वाचले जातात, इंटरनेट लागत नाही. पण स्वस्त यूएसबी चार्जर याच पट्ट्यात खरखर ओकतात. म्हणून निघण्याआधी एक संध्याकाळ द्यावी. अशक्त येणारं एखादं केंद्र लावायचं आणि एकेक चार्जर खोचत जायचं. ज्याने आवाज बुडतो तो चार्जर घरी.

पडदे कुठे? लॅपटॉपचा स्टँड पुढच्या प्रवाशाच्या सीटच्या बोल्टांना कसलेला, पडदा माझ्याकडे वळवलेला. एअरबॅगच्या वाटेत काहीही नाही. ती उघडताना ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर येते, आणि वाटेत लॅपटॉप असला तर तो थेट माझ्या तोंडावर. फोन काचेखाली उन्हात ठेवला की तापून बंद पडतो, म्हणून तो एसीच्या झरोक्याशी. कॅमेऱ्याचा फोकस हाताने अनंतावर लावून टाकायचा, नाहीतर तो टोर्नेडो सोडून काचेवरचे थेंब टिपतो. डॅशबोर्डवर काळं, न चमकणारं कापड पसरायचं, म्हणजे काचेत प्रतिबिंब पडत नाही.

एवढं करूनही पडदा दाखवतो तो भूतकाळ. देशभर सुमारे १६० हवामान रडार आहेत. आकाशाची एक पूर्ण फेरी घ्यायला प्रत्येकाला वादळी हवेत चार ते सहा मिनिटं लागतात. पृथ्वी गोल आणि झोत किंचित वर कललेला, त्यामुळे १०० किलोमीटरवर सगळ्यात खालचा झोतही जमिनीपासून जवळजवळ दीड किलोमीटर उंच असतो. त्याखाली काय चाललंय ते रडारला दिसत नाही.

पश्चिम ओक्लाहोमातली एक संध्याकाळ. माझ्या पडद्यावर वादळाचा हूक, म्हणजे फिरत्या पावसाचा आकडा, आमच्या पश्चिमेला नऊ किलोमीटरवर होता. मी म्हणालो, “थांबू या अजून, भरपूर वेळ आहे.” भाच्याने काच खाली केली. इतका वेळ आग्नेयेकडून वादळात शिरणारा उबदार वारा थांबला होता आणि पश्चिमेकडून गार झुळूक आली. “मामा, चित्र कधीचं आहे?” मी घड्याळ पाहिलं. नेटवर्क गेलेलं, चित्र ११ मिनिटांपूर्वीचं. वादळाचा वेग ताशी ५०. हिशोब तोंडीच होता: ११ मिनिटांत नऊ किलोमीटर. आम्ही पुढच्याच चौकात दक्षिणेला वळलो. इथे रस्ते मैलामैलावर चौकोनात आखलेले आहेत, म्हणून वळायला रस्ता मिळाला. तोही डांबरी होता. पावसात इथली लाल माती चाकं धरते. मागच्या काचेत पावसाचा पडदा आम्ही थांबलो होतो त्या जागेवरून सरकताना दिसला.

आम्ही निसटलो; सगळेच निसटत नाहीत. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रिनोजवळचा टोर्नेडो ४.२ किलोमीटर रुंद झाला, वेग आणि दिशा बदलत गेला. त्यात टोर्नेडोंचे अभ्यासक टिम सॅमरस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले. सॅमरस हे सावध म्हणून नावाजलेले. २००३ मध्ये साउथ डकोटातल्या मँचेस्टरजवळ त्यांच्या उपकरणाने टोर्नेडोच्या आत १०० मिलिबारची घसरण नोंदवली होती. ते गेल्यावर देशभरच्या चेसरांनी, म्हणजे वादळांमागे जाणाऱ्यांनी, आपल्या गाड्यांचे जीपीएस ठिपके नकाशावर असे मांडले की त्यांतून त्यांच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं उमटली. एरवी हे ठिपके वादळाजवळ कोण कुठे आहे ते हवामान कार्यालयाला कळावं म्हणून असतात.

पण टोर्नेडोपेक्षा रस्ता जास्त घातक आहे. मार्च २०१७ मध्ये टेक्सासमध्ये एका चौकात दोन चेसर गाड्यांची टक्कर होऊन तिघे गेले. एप्रिल २०२२ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी पाठलागावरून परतत असताना पावसाच्या पाण्यावर गाडी घसरून गेले. तेव्हापासून आमच्या गाडीत नियम केला आहे. शेवटचं वादळ सोडलं की लॅपटॉप मिटायचा, कॅमेऱ्याची वायर काढायची, पडदे काळे करायचे. हवामान रेडिओ तेवढा हळू आवाजात चालू. डॅलसपर्यंत चार-पाच तास असतात. तेवढा वेळ भाच्याला झोप येऊ नये म्हणून बोलत राहणं, हे माझं त्या दिवसाचं शेवटचं काम.