दार पावसाळ्यात का अडतं?

घर बांधायला काढलं की सिमेंट, लोखंड आणि फरशी यांची चौकशी चार दुकानांत होते. लाकडाचं मात्र 'सागवान आहे ना, मग झालं' एवढ्यावर भागवलं जातं. वर्षाच्या आत चौकट वाकते, खिडकीची कडी जागेवर बसत नाही, पलंगाच्या फळीला चीर जाते. बोल लावला जातो सुताराला. पण बहुतेक वेळा खरा दोष न वाळलेल्या लाकडाचा असतो.

पाणी जातं, लाकूड आकसतं

ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी दोन जागी असतं : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. वाळताना आधी पोकळीतलं पाणी निघून जातं. तेव्हा लाकूड हलकं होतं, पण आकसत नाही. ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतींतलं पाणी जाऊ लागतं आणि आकसणं सुरू होतं.

हे आकसणं सगळीकडे सारखं नसतं. लांबीत ते नगण्य असतं. खोडातल्या वर्तुळांच्या दिशेने ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं. म्हणूनच फळी वाकते, तिला पीळ पडतो किंवा ती तडकते. १२ इंच रुंदीची फळी ४ टक्के आकसली, तरी जवळजवळ अर्धा इंच कमी होते. सागवान इतर अनेक लाकडांपेक्षा कमी आकसतं. त्याचा मान टिकून आहे तो यामुळेही.

वाळवण्याच्या पद्धती

जुनी पद्धत सोपी आहे. फळ्या जमिनीपासून उंचावर, छपराखाली रचायच्या आणि दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवायच्या, म्हणजे हवा खेळती राहते. टोकं लवकर वाळतात आणि तिथूनच चिरा पडतात, म्हणून टोकांना मेण, डांबर किंवा रंग लावतात. इंचभर जाडीच्या फळीला काही महिने लागतात, जाड तुळईला त्याहून बरेच जास्त. भट्टीत उष्णता आणि दमटपणा यांवर ताबा ठेवून हेच काम काही दिवसांत किंवा आठवड्यांत होतं. घाई केली तर मात्र वरचा थर वाळतो, आतला ओला राहतो आणि लाकूड आतून फाटतं.

ब्रह्मदेशातले लोक तर सागाचं झाड उभं असतानाच वाळवत. बुंध्याभोवतीची साल आणि बाहेरचं लाकूड गोलाकार कापून झाड दोन-तीन वर्षं तसंच ठेवत. ताजा साग पाण्यात बुडतो. असा वाळलेला साग तरंगतो आणि नदीतून वाहून नेता येतो.

घेताना काय पाहावं?

० फळीच्या कडेला पांढरट भाग किती आहे ते पाहा. हे झाडाचं बाहेरचं, कोवळं लाकूड. त्यात पिष्ट असतं, म्हणून भुंगे ते आधी पोखरतात. सागवानाचं टिकाऊपण गाभ्याच्या लाकडात असतं, या पांढऱ्या भागात नाही.

० लहान, घट्ट गाठ कपाटाच्या फळीला चालते. पण तुळईच्या खालच्या बाजूची मोठी किंवा सैल गाठ धोक्याची. भार आल्यावर तिथेच ताण पडतो.

० फळी डोळ्यासमोर लांबीत धरून पाहा, वाक आणि पीळ लगेच कळतात. बारीक छिद्रं आणि त्याखाली पिठासारखा भुसा दिसला तर तो माल नाकारा.

० ओलावा मापकाने तपासून मागा. ते नसेल तर फळीच्या मधल्या भागाचा छोटा तुकडा कापून वजन करा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत तो साधारण १०३ अंश सेल्सिअसला वाळवा. ६० ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅमवर आला, तर ओलावा २० टक्के. हिशेब वाळलेल्या वजनावर करायचा असतो.

गावाप्रमाणे लाकूड

भारतीय मानकांनी लाकडाच्या ओलाव्यासाठी देशाचे चार हवामान विभाग केले आहेत. कोरड्या भागात ओलावा कमी असायला हवा, दमट भागात थोडा जास्त चालतो. म्हणूनच रत्नागिरीत नीट बसलेलं कपाट बदलीनंतर नागपूरला किंवा जयपूरला नेलं, की उन्हाळ्यात त्याच्या सांध्यांत फटी पडू शकतात. नवं लाकूड काम सुरू होण्याआधी काही आठवडे त्याच गावात, सावलीत ठेवणं श्रेयस्कर.

रंधा मारण्याची घाई नको

वाळलेलं लाकूडही हवेतली वाफ शोषून घेतं, म्हणून पावसाळ्यात दार फुगतं. तेव्हाच रंधा मारून घेतला, तर हिवाळ्यात तेच दार आकसतं आणि चौकटीत फट पडते. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू तपासा. दार उघडतच नसेल तर अगदी थोडंसं घासा आणि उरलेलं काम कोरड्या दिवसांसाठी ठेवा. त्यानंतर दाराच्या सहाही बाजूंना रंग किंवा पॉलिश लावा. वरची आणि खालची कड बहुधा कोरीच राहते आणि ओल तिथूनच शिरते. मात्र ओल्या लाकडावर रंग कधीच चढवू नका. आतलं पाणी बाहेर पडताना तो रंग सोलून काढतं.