नेर, मावळ आणि त्यांचे धनी

‘तुम्ही कुठले?’ असे कोणी विचारले तर आपण चटकन सांगतो, ‘जुन्नर तालुक्यातले’ किंवा ‘आंबेगाव तालुक्यातले’. पण तीनशे वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजांना हाच प्रश्न केला असता तर उत्तर निराळे आले असते. कोणी म्हणाला असता, ‘मी मिननेरातला.’ कोणी म्हणाला असता, ‘आमचे गाव घोडनेरात.’ हे नेर म्हणजे काय, ते कोणी पाडले आणि त्यांच्यावर सत्ता कोणाची होती, हे आज थोडे पाहू या.

सह्याद्रीच्या कड्यावरून आपल्या भागात नद्या पूर्वेकडे उतरतात. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची एक सोंड पुढे आलेली असते. दोन सोंडांमधली जी लांबट पट्टी, तिला दक्षिणेकडे, पुण्याच्या बाजूला, मावळ किंवा खोरे म्हणतात. आपल्या उत्तर भागात तिलाच नेर म्हणत. कुकडीचे ते कुकडनेर, मीनेचे मिननेर, घोडेचे घोडनेर. खाली खेडच्या बाजूला भीमेचे भीमनेर आणि भामेचे भामनेर. जुन्नर शहर कुकडीच्या खोऱ्यात, नारायणगाव मीनेच्या, तर घोडेगाव घोडेच्या काठी. पाहा बरे, ही वाटणी कोणा राजाने कागदावर रेघा मारून केलेली नाही. पाणी ज्या बाजूला वाहते ती हद्द. आधी वाटणी नदीने केली आणि राजे तिच्यावर मागाहून येऊन बसले.

ही वाटणी किती जुनी? कार्ल्याच्या लेण्यात सातवाहन राजाची एक आज्ञा कोरलेली आहे. ती ‘मामाल’ येथील अमात्याला उद्देशून आहे. ‘मामाल आहार’ म्हणजे मामाल नावाचा प्रांत. आजचा ‘मावळ’ शब्द त्यातूनच आला, असे अभ्यासक मानतात. म्हणजे हे नाव सुमारे अठराशे वर्षे लोकांच्या तोंडी टिकून आहे! आपल्या नाणेघाटातला नागनिका राणीचा लेख तर त्याहूनही जुना आहे. जुन्नरजवळच्या मानमोडीच्या लेण्यात अयम नावाच्या अमात्याचे दान कोरले आहे. तो महाक्षत्रप नहपान याचा अमात्य होता. एका राजवंशाचा घाट, दुसऱ्याचा अमात्य. आपल्या नेरांनी धनी बदलताना पाहिले ते तेव्हापासून.

आता मध्ययुगाकडे येऊ. देवगिरीच्या यादवांचे राज्य गेले, १३४७ साली बहामनी राज्य उभे राहिले. त्या राज्याचा वजीर महमूद गावान याने चार मोठ्या सुभ्यांचे आठ सुभे केले. दौलताबादचा सुभा फोडून जुन्नर हा वेगळा सुभा केला. त्याने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला आणि बाकीच्या किल्ल्यांवर बादशहाचे किल्लेदार नेमले. का? तर डोंगरी मुलखात ज्याच्याकडे किल्ले, तो उद्या स्वतंत्र होईल, हे तो ओळखून होता.

झालेही तसेच. १४८१ साली गावानचा वध झाला आणि त्याची घडी विसकटली. जुन्नरला असलेल्या मलिक अहमदाने शिवनेरी व आसपासचे किल्ले घेतले आणि १४९० साली बहामनी फौजेचा पराभव करून तो स्वतंत्र झाला. हीच निजामशाही. तिची पहिली राजधानी आपले जुन्नर. अहमदनगर शहराची पायाभरणी पुढे १४९४ साली झाली.

पण श्रोतेहो, इथेच एक गोष्ट ध्यानात घ्या. किल्ला सुलतानाचा, बाजारपेठ सुलतानाची. म्हणून खोरेही त्याचेच झाले का? नाही. खोऱ्यातल्या गावांचा वसूल गोळा करणे, तंटे तोडणे, वेळेला माणसे उभी करणे, हे काम देशमुखाचे. त्याचे हिशेब ठेवणारा देशपांडे. ही वतने बापाकडून मुलाकडे जात. आणि कड्यालगतच्या रानातली सत्ता महादेव कोळी नाईकांकडे होती. त्या डोंगरपट्ट्याला ‘बावन्न मावळ’ म्हणत आणि प्रत्येक मावळाला एक नाईक असे. कॅप्टन मॅकिन्टॉश या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात या लोकांची हकीकत लिहून ठेवली आहे. सुलतान या नाईकांना हलवण्याच्या फंदात पडत नसत. घाटांच्या वाटा राखायच्या तर नाईकांवाचून गत्यंतर नव्हते.

हे ज्याने ओळखले नाही त्याला रक्त सांडावे लागले. १६३६ साली निजामशाही बुडाली आणि जुन्नर मोगलांकडे गेले. त्यांनी जमिनीची मोजणी व सारा यांची सक्ती केली. तेव्हा खेमी नाईकाच्या पुढाकाराने कोळी उठले, अशी हकीकत सांगतात. मोगल फौजेने बंड मोडले, पकडलेल्या लोकांची शिवनेरीवर कत्तल केली आणि मुंडक्यांवर चौथरा बांधला. त्या काळ्या चौथऱ्याची आठवण लोकांनी आजही जपली आहे.

याच किल्ल्यावर १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला, हे शाळेतले पोरही सांगेल. पण पुढे शिवनेरी महाराजांच्या हाती कधीच आला नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १६५७ साली त्यांनी जुन्नर शहरावर छापा घातला. तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले. किल्ला मात्र मोगलांकडेच राहिला. मग महाराजांचे राज्य उभे राहिले कशावर? दक्षिणेकडच्या मावळांवर. तिथले जेधे, बांदल, पासलकर असे देशमुख त्यांनी आपलेसे केले. किल्ल्याआधी खोऱ्यातली माणसे जिंकली. आणि देशमुखांनी रयतेला नाडू नये म्हणून त्यांचे वाडेहुडेही पाडले. देशमुखी म्हणजे रामराज्य होते, असा समज कोणी करून घेऊ नये. वतनदार खोऱ्याचा आधार होता, तसा पुष्कळदा खोऱ्याच्या मानेवरचा भारही होता.

अशी वाटणी जगात इतरत्रही आढळते, बरे का! इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ देश आहे. तिथे मुलखाच्या एका भागाला ‘कांट्रेव्ह’ म्हणत, म्हणजे ‘शंभर वस्त्या’. त्यावर तिथले सरदार राज्य करीत. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने वेल्स जिंकला आणि १२८४ साली तिथल्या मोठ्या भागात इंग्रजी पद्धतीचे जिल्हे घातले. धनी बदलले, पण त्या जुन्या विभागांची कित्येक नावे अजून चालतात.

आपल्याकडे इंग्रज १८१८ साली आले. नेर-मावळांच्या जागी तालुका आणि मामलेदार आला. किल्ल्यांवरची शिबंदी गेली, नाईकांचे हक्क आटले. रामजी भांगरे आणि राघोजी भांगरे यांची बंडे यातूनच पेटली. राघोजीला १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. देशमुख-देशपांड्यांची परगणा वतने स्वराज्य आल्यावर, १९५०च्या मुंबई राज्याच्या कायद्याने संपली.

धनी संपले, नेर संपले काय? कुकडी प्रकल्पाकडे पाहा. कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, घोडेवर डिंभे, पुष्पावतीवर पिंपळगाव जोगे. एकेका नदीचे पाणी अडवायला इंजिनियरांनाही त्याच खोऱ्यांच्या हिशेबाने जावे लागले. ज्या आंबेगावामुळे तालुक्याला नाव पडले ते गाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. नाव तालुक्यावर राहिले, गाव राहिले नाही. कालव्याखाली ऊस आणि भाजीपाला झाला, तो याच पाण्यावर. वरच्या अंगाच्या ज्यांची घरे-शेते बुडाली, त्यांचा त्याग खालच्या शेतकऱ्याने विसरू नये. दोघेही एकाच नेरातले आहेत.

आणि कड्यालगतची पुष्कळ गावे आता घटनेप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला जंगल, पाणी, जमीन यांबाबत खास अधिकार दिले आहेत. पूर्वी नाईकाच्या तोंडाकडे पाहावे लागे; आता सभेत बसून हात वर करता येतो. मात्र त्यासाठी सभेला जायला हवे!

शिक्षक मित्रहो, एक साधा पाठ घेऊन पाहा. मुलांना शाळेच्या पटांगणात उभे करा आणि विचारा, ‘इथे पडलेला पाऊस कोणत्या नदीला मिळतो?’ मग त्यांना डोंगराची सोंड दाखवा आणि तिच्या पलीकडची नदी विचारा. सनावळ्या पाठ करून घेण्यापूर्वी एवढे झाले, तर सुलतान, देशमुख आणि नाईक का आले, का भांडले आणि का गेले, हे मुलांना पुष्कळसे आपोआप उमगेल.