गोधडींतील चित्रें

(लेखक : एक निवृत्त शिक्षक, चांदूर बाजार)

गोधडी ही वस्तु दिवाणखान्यांत दिसत नाहीं. पाहुणे आले म्हणजे तिची घडी माळ्यावर जाते. परंतु पौषांतल्या रात्रीं मूल तापानें कण्हूं लागलें कीं त्याच्या अंगावर घालण्यासाठीं शेवटीं तीच खालीं काढली जाते. संस्कृतांत हिला कंथा म्हणतात. भर्तृहरीनें वैराग्यशतकांत विरक्ताचा सरंजाम सांगितला आहे, त्यांत कौपीनाच्या जोडीला कंथा आहेच. बौद्ध भिक्षूंचें चीवरही तुकडे जोडून करीत; मगधांतील बांध घातलेलीं शेतें पाहून भगवान बुद्धांनीं तशा आकृतीचें चीवर करण्यास आनंदाला सांगितलें, अशी कथा विनयपिटकांत आहे. आमच्या वऱ्हाडापुरतें बोलावयाचें तर, शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज चिंध्यांचें पांघरूण घेऊनच गांवोगांव हिंडले, आणि त्यावरून लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ असेंही म्हणत.

परंतु विरक्ताची कंथा आणि संसारी माणसाची गोधडी यांत एक मोठा भेद आहे. विरक्तानें रस्त्यावरची चिंधी उचललेली असते. ती पूर्वीं कोणाची होती हें त्याला ठाऊक नसतें, आणि ठाऊक नसावें हाच त्याचा धर्म. गृहिणीच्या गोधडींत मात्र प्रत्येक चिंधीला नांव असतें. हा तुकडा थोरल्याच्या मुंजींतल्या सोवळ्याचा, हा धाकटीच्या पहिल्या परकराचा, हा आजोबांच्या उपरण्याचा. हीं नांवें जोंवर सांगतां येतात तोंवर ती गोधडी. नांवें विसरलीं कीं ती पुन्हां नुसती कंथा होते. आपल्या घरांतील गोधड्यांचें आज नेमकें हेंच होऊं लागलें आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ या काळांत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस इंग्लंडांतील गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकीं मोठी मागणी आली. पुढें १८७७ सालीं जमशेटजी टाटांनीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. असें असूनही ज्याच्या शेतांत कापूस पिके त्याच्या अंगावर नव्या कापसाची रजई क्वचितच असे. कापूस बाजारांत जाई, त्याचें लुगडें होऊन घरीं येई, आणि लुगडें विरलें म्हणजे त्याची वाकळ होई. (आमच्या इकडील बोलींत ‘ळ’चा ‘य’ होत असल्यामुळें खेड्यांतून हिला ‘वाकय’ म्हणतात.) कापसाचा हा शेवटचा जन्म मात्र सर्वांत दीर्घायुषी. लुगडें दोन वर्षांत फाटतें. गोधडी वीस वर्षें टिकते.

या कामांत श्रम किती असतात याचा पुरुषांना सहसा अंदाज नसतो. मी गणितही शिकवीत असें, म्हणून एकदां हिशेब मांडून पाहिला. नऊवारी लुगडें म्हणजे २७ फूट. त्याचे साडेसहा फुटांचे चार तुकडे केले म्हणजे २६ फूट लागले. एक फूट दुमडीस उरला. पन्हा ४५ इंच धरला तर एका लुगड्यांत एका माणसापुरती, चार थरांची गोधडी बसते. तिचें क्षेत्रफळ ७८ गुणिले ४५, म्हणजे ३५१० चौरस इंच. धावदोऱ्याच्या ओळी एकेक इंचावर घेतल्या तर शिवणीची एकूण लांबी ३५१० इंच, म्हणजे सुमारें २९२ फूट होते. आणि इंचाला चार टाके धरले तर एका गोधडीला १४,०४० टाके लागतात. ओळी अर्ध्या इंचावर घेतल्यास हा आंकडा दुप्पट होतो. हे सर्व टाके दुपारच्या भांडीं-धुण्यानंतर आणि चुलीच्या दुसऱ्या फेरीच्या आधीं घातलेले असत, हें ध्यानांत घ्यावें.

आमच्या लहानपणीं हें काम माझ्या वडिलांच्या आत्याकडे असे. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असूं. तिला अकराव्या वर्षीं वैधव्य आलें. त्यानंतर सारें आयुष्य तिनें भावाच्या घरीं, तांबडें अलवण नेसून काढलें. तिला अक्षरओळख नव्हती. परंतु १९५२ पासून ‘चांदोबा’ मासिक मराठींत निघूं लागलें होतें, आणि साठ-सत्तर सालच्या सुमारास तें आमच्या आळींत एका घरीं येई व दहा घरें फिरे. दुपारीं मी तें मोठ्यानें वाची आणि ती शिवतां शिवतां ऐके. गोष्ट मी वाचीत असें. चित्रें मात्र ती वाची. विक्रम-वेताळाच्या गोष्टीवर शंकर नांवाच्या चित्रकारानें काढलेलें तें प्रसिद्ध चित्र दर अंकांत येई : हातांत तरवार घेतलेला राजा, खांद्यावर प्रेत, भोंवतीं स्मशान. तें पान आलें कीं ती सुई थांबवी, चष्मा सांवरी आणि म्हणे, “अजून उतरलें नाहीं का रे ह्याचें ओझें?” आम्हां मुलांना याचें हंसूं येई. त्या प्रश्नाचा अर्थ कळावयास मला पुढें पुष्कळ वर्षें लागलीं.

ती गेल्यावर माझ्या आईनें तिचें एक अलवण धुऊन ठेवलें व पुढच्या गोधडींत घालावयास काढलें. घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं हरकत घेतली. बाळंतिणीच्या खोलींत जाणारी गोधडी. तींत अलवणाचा तुकडा कसा चालेल? आईनें वाद घातला नाहीं. वरच्या थरावर तिनें खणांचे व परकरांचे तुकडे लावले आणि तें अलवण आंतल्या थरांत घातलें. त्या गोधडींत आमच्या घरचीं पांच मुलें वाढलीं. त्यांपैकीं एकालाही आंत काय आहे हें ठाऊक नव्हतें.

त्या काळच्या मुलांचीं चित्रें म्हणजे ‘चांदोबा’, तशींच १९६४ पासून निघालेलीं इंद्रजाल कॉमिक्स व त्यांतला वेताळ. हा वेताळ विक्रमाच्या वेताळाहून अगदीं निराळा. तोंडावर बुरखा घालून जंगलांत दुष्टांचें पारिपत्य करणारा. मोठ्यांच्या दिवाळी अंकांतील हास्यचित्रें आम्हांस चोरूनच पाहावीं लागत. त्यांतलें एक चित्र मात्र सर्वांसमक्ष दाखविण्यासारखें होतें. श्री. शि. द. फडणीस यांनीं १९५२ सालीं ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर एक तरुण आणि एक तरुणी काढलीं, तिच्या साडीवर उंदरांची नक्षी, त्याच्या सदऱ्यावर मांजरांची. खालीं एकही शब्द नाहीं. साध्या कापडावरच्या नक्षीनें माणसांच्या मनांतलें सांगावें, ही कल्पना गोधडी शिवणाऱ्या कोणाही गृहिणीस तत्काळ पटेल. याच फडणीसांनीं पुढें बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतून चित्रें काढलीं. गणिताच्या तासाला मुलें हंसूं लागलीं याचा साक्षी मी स्वतः आहें.

चित्रें हलूं लागल्याची हकीकतही आपल्याकडे जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनीं १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक हलवून, त्यांचीं छायाचित्रें घेऊन ‘आगकाड्यांची मौज’ हा लहानसा चित्रपट केला. त्याची प्रत आज उपलब्ध नाहीं. परंतु फेंकून देण्याच्या वस्तूंतून मौज निर्माण करण्याची ती दृष्टि गोधडीच्याच जातीची होय. माझ्या मुलांच्या पिढीनें हलतीं चित्रें दूरदर्शनवर पाहिलीं. १९९३ सालीं रविवारीं सकाळीं ‘जंगल बुक’ लागे, तेव्हां आमच्या आळींत शुकशुकाट होई. मालिका जपानांत तयार झालेली, मूळ पुस्तक इंग्रजी. परंतु किपलिंगच्या मोगलीचें रान म्हणजे शिवनीचें रान, आमच्या उत्तरेकडील सातपुड्याच्याच पूर्वेकडच्या भागांतलें, हें मी मुलांना नकाशावर दाखवीत असें. मग नातवंडांची पिढी आली. २००८ पासून ‘छोटा भीम’ आला, जपानचा डोरेमॉन आला. आणि हीं चित्रें केवळ पडद्यावर न राहतां मुलांच्या अंगांतल्या टी-शर्टांवर छापून येऊं लागलीं.

येथें माझ्या विषयाचे दोन पदर एकत्र येतात. दोन वर्षांपूर्वीं आमच्या सूनबाईंनीं मुलांचे आंखूड झालेले टी-शर्ट बोहारणीला देण्यासाठीं गांठोडें बांधलें. त्याच आठवड्यांत आमच्या मोठ्या वहिनी आईची जुनी गोधडी उसवून दुरुस्त करीत होत्या. वहिनींचें वय ब्यायशी. दृष्टि मंद झाल्यामुळें सुई ओंवून देण्याचें काम आठ वर्षांच्या नातवाकडे. नातू म्हणाला, “मोठी आजी, ह्यांत माझा डोरेमॉन लाव ना.” वहिनींनीं तो निळा तुकडा डोळ्यांजवळ धरला. “अरे, ह्या मांजराला कान कां नाहींत?” “उंदरानें कुरतडले. म्हणून तो उंदरांना भितो.” उंदराला भिणारें मांजर ऐकून वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हंसल्या. त्यानंतर रोज दुपारीं देवघेव सुरू झाली. नातू एका चित्राची गोष्ट सांगे, वहिनी एका ठिगळाची सांगत. जी हकीकत आम्हीं कधीं विचारली नव्हती ती त्या मुलानें पंधरा दिवसांत काढून घेतली.

आणि एके दिवशीं वरचा थर सुटला व आंतून तें तांबडें अलवण निघालें. नातीनें विचारलें, “हें कोणाचें? आणि लपवून कां ठेवलें?” वहिनी गप्प बसल्या. त्या संध्याकाळीं मीं मुलांना आत्याआजीची सर्व हकीकत सांगितली. नात म्हणाली, “मग आतां तें वर लावा.” वहिनींनीं दोन दिवस हो-ना केली, जुन्या संस्कारांना दोन दिवस फार नव्हेत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं स्वतःच तें कापड उशाकडच्या बाजूला मांडलें, शेजारीं डोरेमॉन लावला, आणि सुई ओंवावयास नातवाला हांक मारली. अर्धशतक आंतल्या थरांत राहिलेली आत्याआजी अशा रीतीनें वर आली.

ज्या भगिनींना असें करून पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं कांहीं अनुभवाच्या गोष्टी नमूद करतों. टी-शर्टचें कापड विणीचें असल्यामुळें ताणतें. म्हणून चित्र कापण्यापूर्वीं त्यामागें जुन्या मलमलीचा तेवढाच तुकडा लावून चारी बाजूंनीं कच्चा टाका घालावा. कापतांना भोंवतीं अर्धा इंच कापड सोडावें, त्यांतलें पाव इंच आंत दुमडावें. छापील रंग रबरासारखा असतो व त्यांतून सुई गेली कीं भोंक राहतें. म्हणून टाका चित्रावरून न नेतां चित्राच्या कडेनें न्यावा. इस्त्री उलट बाजूनें, मध्यें पातळ कापड ठेवून करावी. रंग जाणारें कापड आधीं वेगळें भिजवून पाहावें. सर्व थर पसरून, सुरकुत्या काढून, मोठ्या टाक्यांनीं टाचून घेतल्याशिवाय धावदोऱ्यास हात घालूं नये. नाहीं तर कडेकडून आंत येतां येतां मध्यें फुगा धरतो. पॉलिएस्टरच्या साड्या मात्र आंत घालूं नयेत. त्या सरकतात, घाम शोषीत नाहींत, आणि ठिणगी लागतांच वितळून अंगाला चिकटतात.

कोणी म्हणेल, बाजारांत पानिपताहून येणारीं मऊ ब्लँकेटें स्वस्तांत मिळत असतां हा उपद्व्याप कशाला? पानिपतानें आमचें पूर्वीं एकदां पुरेसें नुकसान केलें आहे. गोधडीचेंही त्यानेंच करावें हा दैवदुर्विलास खरा. उबेपुरतें पाहिलें तर ब्लँकेट कमी नाहीं, हें मी मान्य करतों. परंतु अमेरिकेच्या अलाबामा प्रांतांत जीज बेंड नांवाचें एक खेडें आहे. तेथील गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांनीं कामाच्या फाटक्या कपड्यांतून शिवलेलीं पांघरुणें पुढें मोठमोठ्या संग्रहालयांत लागलीं, आणि २००६ सालीं त्यांच्यावर त्या देशानें टपालाचीं तिकिटें काढलीं. तीं पांघरुणें भिंतीवर लागलीं तीं उबेसाठीं नव्हेत.

शेवटीं एक सूचना. प्रत्येक घरानें एक साधी वही घालावी. एका पानावर गोधडीचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा, ठिगळांना आंकडे द्यावे, आणि समोरच्या पानावर लिहावें : कापड कोणाचें, कोणत्या प्रसंगाचें, कोणीं शिवलें. जेथें माहिती नसेल तेथें जागा कोरी सोडावी. कोरी जागा पाहून कोणीतरी विचारतें. आमच्या वहींत एकतीस ठिगळें आहेत, त्यांपैकीं सहा जागा अजून कोऱ्या आहेत, आणि त्या भरूं शकेल असें माणूस आमच्या घरांत एकच आहे. आपल्याही घरांत तें असेल. त्याला विचारण्याचें काम पुढच्या हिंवाळ्यावर ढकलूं नये.